एकाच्या सान्निध्यातील लघुगणक (लेखांक सहावा)

गेल्या लेखांकात आपण पाहिले, की लघुगणक काढताना संगणक संख्येतील दोनाचा घात वेगळा करतो आणि उरलेल्या भागापुरतीच बहुपदी योजतो. ही पद्धती आता इतकी परिपक्व झाली आहे, की उत्तरात चूक राहिलीच तर ती बहुधा शेवटच्या बिटापुरती असते. तथापि गणनविधी निर्दोष असूनही उत्तर सदोष निघावे असा एक प्रसंग वारंवार येतो, आणि त्याचे मूळ लघुगणकात नसून तत्पूर्वी केलेल्या एका साध्या बेरजेत असते.

'१ + क्ष' याचा नैसर्गिक लघुगणक हवा आहे आणि क्ष हा एकाचा एक हजार कोटीवा भाग आहे, असे समजा. संगणकाची नेहमीची संख्या ५३ द्विमान स्थाने, म्हणजे सुमारे १६ दशमान अंक बाळगते; क्ष एकात मिळवताच त्यांपैकी बहुतेक जागा शून्यांनी व्यापल्या जातात आणि क्षचे जेमतेम सहा-सात अंक शिल्लक राहतात. खरे उत्तर क्षच्या ०.९९९९९९९९९९५ पट, यंत्र सांगते १.०००००००८२७ पट. क्ष याहून दहा लक्ष पटींनी लहान असेल, तर बेरीज नेमकी १ येते आणि लघुगणक शून्य. चक्रवाढ व्याजाच्या हिशेबात, जेथे '१ + अत्यल्प कालखंडाचा दर' याचा लघुगणक कालखंडांच्या प्रचंड संख्येने गुणावा लागतो, तेथे ही तफावत थेट रकमेत उतरते.

हेन्री ब्रिग्ज यांनी १६२४ साली चौदा दशांश स्थळांची कोष्टके प्रसिद्ध केली, तेव्हा तेही याच प्रदेशातून गेले होते. त्यांनी दहाचे वर्गमूळ, त्याचे पुन्हा वर्गमूळ, असे चोपन्न वेळा हाताने काढले आणि ते १.०००००००००००००००१२७८… या संख्येपाशी पोहोचले. तेथे एकावरचा वाढावा आणि लघुगणक हे परस्परांच्या प्रमाणात असतात, हे त्यांनी ओळखले. आणि सारे मर्म त्या वाढाव्यातच असल्यामुळे त्यांनी तिसाहून अधिक दशांश स्थळे सांभाळली. हा श्रम पाहून मन नम्र होते. आपल्या संगणकात मात्र एकानंतरच्या पहिल्याच संख्येचा वाढावा २.२२ भागिले दहाचा सोळावा घात इतका असल्याने, ब्रिग्ज यांची ही संख्या त्यात दाखल होताच तिचा वाढावा सुमारे पावणेदोनपट होतो!

यावर तजवीज अशी, की एक मिळवण्याचे काम वापरणाऱ्याने करूच नये. वाढावा तसाच फलनाच्या स्वाधीन करावा. विल्यम काहान यांच्या सल्ल्याने घडलेल्या इंटेलच्या ८०८७ या गणितसहायक चिपमध्ये (१९८०) यासाठी स्वतंत्र आज्ञा होती, आणि सी भाषेच्या १९९९च्या प्रमाणकात 'लॉग-वन-पी' हे फलन समाविष्ट झाले.

ते जेथे नसेल तेथे एक युक्ती आहे. डेव्हिड गोल्डबर्ग यांनी १९९१ साली ती सिद्धतेसह मांडली. बेरीज करून जी संख्या प्रत्यक्ष हाती आली तिला 'य' म्हणा. य नेमका १ असेल, तर उत्तर क्ष. अन्यथा यच्या लघुगणकाला य उणे १ ने भागून क्षने गुणावे. य दूषित आहे खरा, परंतु अंश आणि छेद दोहोंत दोष एकच असतो, आणि त्यांचे गुणोत्तर एकाच्या आसपास इतके मंद बदलते, की तो दोष त्यात जवळजवळ लोप पावतो. मात्र एक दक्षता अवश्य हवी: 'य उणे १ म्हणजे क्षच' असे बीजगणित लावून गणन सोपे करण्याची मुभा कंपायलरला दिली, तर ही सारी योजना रद्द होऊन आपण मूळच्या चुकीपाशी परततो. अशी मुभा कोणत्या सवलतींतून नकळत दिली जाते, ते पुढील लेखांकात पाहू.