निवृत्तीनंतरची नर्मदा परिक्रमा : तयारी पन्नाशीतच हवी

सेवानिवृत्तीनंतर पायी नर्मदा परिक्रमा करण्याचा संकल्प अनेकजण नोकरीत असतानाच करतात. रजेचा प्रश्न निवृत्तीमुळे सुटतो. मात्र गुडघ्यांची क्षमता, आरोग्य विमा आणि घराची व्यवस्था यांची तयारी निरोप समारंभानंतर सुरू केल्यास उशीर झालेला असतो.

अमरकंटक येथे उगम पावणारी नर्मदा १,३१२ किलोमीटरचा प्रवास करून भडोचजवळ खंबातच्या आखाताला मिळते. नदी सदैव उजव्या हाताला ठेवून आणि पात्र न ओलांडता दोन्ही तीरांनी चालायचे असल्याने हे अंतर २,६०० किलोमीटरहून अधिक होते. दररोज सरासरी २० किलोमीटर चालल्यास किमान १३० दिवस लागतात. विश्रांती, किरकोळ आजारपण आणि वळसे गृहीत धरल्यास पाच ते सहा महिने हाताशी असावे लागतात. सरदार सरोवराच्या जलाशयात महाराष्ट्रातील नंदुरबार जिल्ह्यासह अनेक ठिकाणच्या जुन्या वाटा बुडाल्याने तेथे डोंगराळ भागातून जावे लागते.

चातुर्मासात परिक्रमा थांबविण्याची परंपरा आहे. त्यामुळे बहुतेक परिक्रमावासी कार्तिकी एकादशीनंतर निघतात. मे महिन्याच्या अखेरीस निवृत्त होणाऱ्याला तोपर्यंत जेमतेम पाच-साडेपाच महिने मिळतात. वयानुसार घटत जाणारे स्नायूंचे बळ एवढ्या अवधीत भरून काढणे कठीण असते. जागतिक आरोग्य संघटनेने ६५ वर्षांवरील व्यक्तींसाठी आठवड्याला किमान १५० मिनिटांच्या मध्यम व्यायामाबरोबरच दोन दिवस स्नायू बळकट करणारे आणि तीन दिवस तोल सांभाळण्यास मदत करणारे व्यायाम सुचविले आहेत. ही सवय पन्नाशीत लागलेली असल्यास पाठीवर ओझे घेऊन सलग काही दिवस चालण्याचा सराव पुढे टप्प्याटप्प्याने वाढविता येतो.

खंड परिक्रमा हा सरावाचाच एक मार्ग ठरू शकतो. जबलपूरचे चित्रकार व लेखक अमृतलाल वेगड यांनी १९७७ मध्ये, पन्नाशीच्या उंबरठ्यावर असताना, नर्मदातीरावर पदयात्रा सुरू केली आणि पुढील अनेक वर्षांत ती टप्प्याटप्प्याने केली. नोकरदारांनाही दरवर्षी आठ-दहा दिवसांची रजा घेऊन एखादा टप्पा चालता येतो. पादत्राणे, आहार आणि स्वतःचा वेग यांचा अंदाज त्यातूनच येतो.

विम्याचे गणितही वर्षांचेच आहे. एप्रिल २०२४ पासून लागू झालेल्या नियमांनुसार, आधीपासून असलेल्या आजारांसाठी आरोग्य विम्यातील प्रतीक्षा कालावधी कमाल ३६ महिने असू शकतो. मधुमेह किंवा रक्तदाब असलेल्या व्यक्तीने साठाव्या वर्षी नवा विमा घेतल्यास त्या आजारांवरील उपचारांचे संरक्षण मिळेपर्यंत तिला त्रेसष्टावे वर्ष लागू शकते.

निवृत्तिवेतनधारकांना दरवर्षी नोव्हेंबरमध्ये, म्हणजे ऐन प्रस्थानाच्या सुमारास, हयातीचा दाखला द्यावा लागतो. ‘जीवन प्रमाण’ सुविधेद्वारे मोबाइलवर चेहरा पडताळून तो सादर करता येतो. ही पद्धत निघण्यापूर्वीच शिकून घेणे सोयीचे ठरते.

वाटेत आश्रमांतून आणि ग्रामस्थांकडून मिळणाऱ्या सदावर्तामुळे परिक्रमावासीयाचा स्वतःचा खर्च मर्यादित राहतो. मात्र सहा महिने घर चालविण्याची आणि वृद्ध आई-वडिलांच्या देखभालीची जबाबदारी मागे राहणाऱ्यांवर पडते. ती कोण आणि कशी उचलणार, हे जोडीदाराशी बोलून आधीच ठरविणे हाही परिक्रमेच्या तयारीचाच भाग आहे.