भीम नसेल तेव्हा बकासुराचे काय करायचे?

वर्ध्याहून नागपूरच्या रस्त्याने निघाले की सेलू आणि केळझर ही गावे लागतात. (परभणी जिल्ह्यातले सेलू निराळे.) केळझर म्हणजेच महाभारतातील एकचक्रा नगरी आणि बकासुराचा वास याच परिसरात होता, अशी स्थानिक समजूत आहे. तिच्या खरेखोटेपणात आपण शिरायला नको. गोष्ट मात्र कामाची आहे. गावाने पाळीपाळीने गाडाभर अन्न, दोन रेडे आणि ते घेऊन जाणारा माणूस बकासुराकडे पाठवायचा. एका घराची पाळी आली तेव्हा भीम गेला, अन्न आधी स्वतःच खाल्ले आणि मग बकासुराला मारले.

आता वर्गात विचारण्याजोगा प्रश्न असा, की त्या दिवशी गावात भीम नसता तर? बंडीबरोबर चार साधी माणसे गेली असती, तर त्यांनी काय केले असते?

असे प्रश्न सोडवण्याचाच एक खेळ आहे. तो पटापेक्षा बोलण्यावर अधिक चालतो. एक जण सूत्रधार होतो. तो प्रसंग सांगतो आणि राक्षसाच्या बाजूने खेळतो. बाकीचे एकेक पात्र घेतात आणि 'मी हे करतो' असे सांगतात. ते जमले की नाही हे फासा ठरवतो. याला भूमिका-खेळ म्हणू. या प्रकारातला पहिला छापील खेळ 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' १९७४ मध्ये अमेरिकेत गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांनी काढला. त्याच्या २००८ मधल्या चौथ्या आवृत्तीत पात्रांच्या कामांची चार नावे स्पष्ट दिली गेली: जोरदार प्रहार करणारा, पुढे उभा राहून मार झेलणारा, साथीदारांना सावरणारा आणि चौथा कंट्रोलर. हा चौथा गडी शत्रूला फारसा मारत नाही. तो त्याला मंद करतो, आंधळा करतो, चिखलात रुतवतो, त्याचा नेम चुकवतो. शत्रूवर लादलेल्या अशा प्रत्येक उणेपणाला खेळाडू 'डिबफ' म्हणतात. आपण 'खीळ' म्हणू, आणि ती घालणाऱ्याला 'खीळगडी'.

ही कल्पना आपल्याला नवी नाही. वाघबकरीच्या खेळात बकऱ्या वाघाला कधीच मारू शकत नाहीत. वाघ उडी मारून बकरी खातो; बकऱ्यांनी फक्त वाटा अडवायच्या. नेपाळच्या पटावर ४ वाघ आणि २० बकऱ्या असतात, तमिळनाडूच्या पटावर बहुधा ३ वाघ आणि १५ बकऱ्या. पण वाघाला हलायला जागा उरली नाही की बकऱ्या जिंकल्या, हा नियम दोन्हीकडे एकच. सेलू तालुक्याच्या उत्तरेला बोरचे जंगल आहे, २०१४ पासून तो व्याघ्र प्रकल्प आहे, तेव्हा वाघ कसा असतो हे इथल्या मुलांना समजावून सांगायला नको.

महाभारतात तर खिळांची रेलचेल आहे. कर्णाचा तेजोभंग करीन, असे वचन युधिष्ठिराला देणारा आणि नंतर कर्णाचाच सारथी होणारा शल्य पाहा. विराटपर्वात अर्जुनाने संमोहनास्त्र टाकले तेव्हा कौरववीर बेशुद्ध झाले आणि उत्तराने त्यांची वस्त्रे काढून आणली. भीष्मांवर मात्र ते चालले नाही. त्यांना त्याचा प्रतिकार ठाऊक होता. ही भीष्मांची गोष्ट लक्षात ठेवा, पुढे तिचे काम पडेल.

खीळगडी रचायचा म्हणजे काय हे आकड्यांतच नीट कळते. वीस बाजूंचा फासा सहज मिळत नाही, म्हणून पिशवीत १ ते २० आकडे लिहिलेले चिंचोके घ्या. एक काढायचा, आकडा पाहायचा आणि परत टाकायचा. समजा, बकासुराजवळ १२० प्राण आहेत. तो दर फेरीला दोन वार करतो. ९ किंवा त्याहून मोठा आकडा आला तर वार लागतो आणि १० प्राण जातात. म्हणजे २० पैकी १२ चिंचोके त्याच्या बाजूचे, वार लागण्याची शक्यता ६० टक्के, आणि फेरीला सरासरी १२ प्राणांचे नुकसान. गावकऱ्यांजवळ प्रत्येकी ३० प्राण. त्यांचा वार ११ किंवा अधिक आल्यास लागतो आणि ८ प्राण घेतो. म्हणजे प्रत्येकाचे सरासरी ४.

चारही जण मारायलाच लागले तर फेरीला १६, म्हणजे बकासुर साडेसात फेऱ्यांत पडेल आणि तोवर गावकऱ्यांचे ९० प्राण जातील. आता चौघांपैकी एकाला खीळगडी करा. मारणारे तीनच उरले, लढाई १० फेऱ्यांवर गेली. त्याने काहीच साधले नाही तर नुकसान १२०, म्हणजे गावकऱ्यांचे होते नव्हते तेवढे सगळे प्राण. पात्र रचताना पुष्कळजण हीच गोष्ट विसरतात. खीळ फुकट मिळत नाही; तिची किंमत एक मारणारा हात ही आहे. इथे बकासुराचे फेरीचे १२ हे ९ च्या खाली आणता आले तरच खीळगड्याचा उपयोग.

पहिली खीळ: डोळ्यांत धूळ, बकासुराच्या आकड्यातून ४ वजा. आता त्याला १३ लागतात, शक्यता ४० टक्के, फेरीला ८ आणि एकूण ८०. दुसरी खीळ: भूल. बकासुराने प्रत्येक वाराला दोन चिंचोके काढायचे (पहिला परत टाकून दुसरा) आणि लहान आकडा धरायचा. हा नियम 'डंजन्स अँड ड्रॅगन्स'च्या २०१४ च्या आवृत्तीने रूढ केला. दोन्ही आकडे ९ किंवा अधिक यायला हवेत, म्हणून ०.६ गुणिले ०.६ म्हणजे ३६ टक्के, फेरीला ७.२ आणि एकूण ७२.

मग दुसरी खीळ नेहमीच चांगली का? नाही, आणि वर्गात वेळ द्यावा तो इथे. वजाबाकी प्रत्येकाकडून सारखेच काढून घेते, २० टक्के. दोन चिंचोक्यांचा नियम मात्र 'प' शक्यतेचा 'प वर्ग' करतो, म्हणजे त्याने होणारी घट प × (१ − प). शक्यता निम्मी असते तेव्हा ही घट सर्वांत मोठी, २५ टक्के. शक्यता ९० टक्के असेल तर ती ८१ वर येते, घट फक्त ९. ज्याचा वार जवळजवळ हमखास लागतो अशा बलाढ्य शत्रूवर धूळच बरी; मध्यम शत्रूवर भूल. दोन्ही वक्र आलेखकागदावर काढले तर ते साधारण २८ आणि ७२ टक्क्यांजवळ एकमेकांना छेदतात. वर्गसमीकरणाचा एवढा रंजक उपयोग पाठ्यपुस्तकात क्वचितच सापडतो.

आतापर्यंत खीळ प्रत्येक वेळी बसते असे धरले. पण भीष्म आठवा. बकासुरावर भूल निम्म्याच वेळा बसत असेल तर फेरीचे सरासरी नुकसान १२ आणि ७.२ यांच्या मध्ये, म्हणजे ९.६ होईल, एकूण ९६. चारही जण मारत होते ते यापेक्षा बरे! भूल निदान साडेबासष्ट टक्के वेळा बसली पाहिजे, तेव्हा कुठे बरोबरी होते. चिंचोक्यांत सांगायचे तर २० पैकी १३.

यातून सुटायच्या दोन वाटा आहेत. एक, खीळ टिकाऊ करायची. भूल बसली की दोन फेऱ्या राहते असे धरा. दुसऱ्या फेरीत खीळगडी मोकळा असतो आणि स्वतः वार करतो. निम्म्या शक्यतेने सरासरी दोन प्रयत्नांत भूल बसते, म्हणून तीन फेऱ्यांचा घाट धरू. त्यात नुकसान १२ + ७.२ + ७.२ म्हणजे २६.४ आणि बकासुरावरचा मार १२ + १२ + १६ म्हणजे ४०. असे तीन घाट झाले की बकासुर पडतो. नुकसान सुमारे ७९. दुसरी वाट, भूल चुकली तरी थोडे काही पदरात पडेल असे ठरवायचे. न बसलेल्या भुलीनेही बकासुराच्या आकड्यातून २ वजा होत असतील तर फेरीचे नुकसान १० आणि ७.२ यांची सरासरी, ८.६ येते. एकूण ८६, नव्वदीच्या आत आलोच. 'पाथफाइंडर' या खेळाच्या २०१९ च्या आवृत्तीत बरेच मंत्र असेच आहेत, शत्रूने बऱ्यापैकी तोंड दिले तरी थोडा परिणाम राहतोच.

याउलट 'बसली तर बकासुर झोपला, नाही तर काहीच नाही' अशी खीळ मला तरी वाईट वाटते. बसली की पुढची लढाई उरतच नाही. 'डंजन्स अँड ड्रॅगन्स'ला यावर उतारा शोधावा लागला: तिथल्या मोठ्या राक्षसांना दिवसातून बहुधा तीन वेळा, बसलेला मंत्र झुगारून देता येतो.

तिसरी खीळ वेगळ्या जातीची आहे. काळ्या जमिनीत पाऊस पडल्यावर बंडी कशी रुतते हे वर्धा जिल्ह्यात कोणीही सांगेल. बकासुराचा पाय रुतवा. गावकऱ्यांना आता ११ ऐवजी ७ पुरतात, शक्यता ५० वरून ७० टक्के. तिघांचा मार १२ वरून १६.८ झाला. खीळगडी स्वतः मारता तर १६ झाला असता, म्हणजे फायदा जेमतेम. पण साथीदार पाच असतील तर वाढ ८ ची होते, त्याच्या स्वतःच्या वाराच्या दुप्पट. एकच साथीदार असेल तर अवघी १.६, म्हणजे त्यापेक्षा काठी उचललेली बरी. चिखल साथीदारांच्या संख्येबरोबर वाढतो, धूळ वाढत नाही. म्हणून पात्र कागदावर उतरवण्याआधी गटात किती मुले आहेत ते मोजावे.

हे सगळे हिशेब शेवटपर्यंत कोणी पडत नाही असे धरून केले आहेत. प्रत्यक्षात चौथ्या-पाचव्या फेरीला कोणीतरी पडेल आणि मार कमी होईल. म्हणून खीळ पहिल्या फेऱ्यांत घातलेली अधिक मोलाची. शेवटच्या फेरीतली भूल वाया जाते. मुलांना दहा-वीस लढाया खेळू द्या, प्रत्येकीचे नुकसान फळ्यावर लिहा. सरासरी आणि एकेका लढाईचा निकाल यांत किती अंतर असते ते त्यांना दिसेलच.

दोन नियम मात्र आधी ठरवून घ्यावेत. एकाच जातीच्या खिळा एकावर एक चढू देऊ नयेत. सर्वांत मोठी तेवढी धरावी. नाही तर तिघांनी धूळ फेकली की बकासुराला २१ लागतात आणि तसा चिंचोका पिशवीत नाही. दुसरा नियम सूत्रधारासाठी, म्हणजे बहुधा शिक्षकासाठी. आपला बकासुर एक फेरी बांधला गेला तर आपले काही बिघडत नाही, पुढच्या फेरीत आपल्याजवळ दुसरा राक्षस असतो. मुलाजवळ एकच पात्र असते. त्याची पाळीच काढून घेतली तर पाच-सहा जणांच्या गटात तो पंधरा मिनिटे नुसता बसून राहतो. तेव्हा मुलांच्या पात्रांवर खीळ घालायची झाली तर नेम कमी करावा, पाय जड करावेत, पण पाळी ठेवावी.