दारू सुटल्यावरची संध्याकाळ

दारू सोडलेल्या माणसाची सकाळ बहुधा बरी जाते. कचेरी असते, कामे असतात. खरी परीक्षा दिवेलागणीला! वर्षानुवर्षे ज्या वेळी पावले गुत्त्याकडे वळली, ती वेळ आता रिकामी असते. घरची मंडळी मात्र ‘सुटली एकदाची’ म्हणून निर्धास्त झालेली असतात.

या वेळेला योगाभ्यासाचा आधार होतो. आधार म्हणतो, उपचार नव्हे. योगाच्या नावाने चमत्कार विकणारेही पुष्कळ आहेत. रोज भरपूर पिणाऱ्याने दारू एकाएकी बंद केली, तर हातपाय कापतात, भ्रम होतो, झटके येऊ शकतात. क्वचित प्राणावरही बेतते. तेथे आसनांचे काम नाही, डॉक्टरच हवा.

त्यानंतर उरते ती तलफ. ती लाटेसारखी चढते आणि पुरवली नाही, तरी बहुधा काही मिनिटांत ओसरते. तेवढा वेळ काढायचा कसा, एवढाच प्रश्न असतो. श्वास घेताना हृदयाची गती किंचित वाढते, सोडताना मंदावते. म्हणून श्वास सावकाश, लांबवून सोडत राहिले की छातीतली धडधड शमू लागते. बंगळूरच्या ‘निम्हान्स’मधील एक प्रयोग २००६ साली प्रसिद्ध झाला. दारूच्या ६० रुग्णांना आधी आठवडाभर वैद्यकीय उपचार दिले. मग निम्म्यांकडून दोन आठवडे सुदर्शन क्रिया हा श्वसनाचा अभ्यास करून घेतला. खिन्नता दोन्ही गटांत उतरली, पण अभ्यास करणाऱ्यांत अधिक. रक्तातील कॉर्टिसॉल या ताणाच्या संप्रेरकाचेही तसेच. दारू कायमची सुटते का, हा त्या प्रयोगाचा विषय नव्हता, हे ध्यानात ठेवावे.

पुण्यात डॉ. अनिता आणि डॉ. अनिल अवचट यांनी १९८६ साली ‘मुक्तांगण’ सुरू केले. तेथेही योग एकटा नाही. औषधे, समुपदेशन, गटातल्या मोकळ्या गप्पा यांच्या जोडीला तो आहे.

घरी करायचे ते जाणत्याकडून शिकून, आणि थोडेच. रक्तदाब चढलेला असेल, तर शीर्षासन व जोरकस कपालभाती यांच्या वाटेला जाऊ नये. पाऊल घसरलेच, तर शरमेने अभ्यास सोडू नये; डॉक्टरांना मात्र लगेच सांगावे.

आणि वहिनी, सातच्या सुमारास दोन चटया अंथरा. शेजारी बसा, पण पहारेकऱ्यासारख्या नव्हे. तोंडाचा वास घेत बसलात, तर त्यांचा श्वास कसला लांबणार? मुले खिदळतील, खिदळू द्या.