सेंटर स्ट्रीटवरचं रात्रीचं कोर्ट

कोठडीकडचं दार उघडतं. हातकडी निघाल्याबरोबर आत आणलेला माणूस आधी पँट सावरतो. पट्टा काल संध्याकाळीच काढून घेतलाय, बुटांच्या नाड्याही. अटकेतल्या माणसाने गळफास लावून घेऊ नये म्हणून सगळ्यांच्याच काढतात. नाड्या नसलेला बूट चालताना टाचेतून सुटतो, म्हणून तो पाय न उचलता, फरशीवर घासत घासत वकिलाच्या टेबलापर्यंत येतो. वय पन्नाशीचं असेल. बाकांकडे एकदा वळून बघतो. त्याच्यासाठी कुणी आलेलं नाही.

शुक्रवार, रात्रीचे साडेआठ. मॅनहॅटनमधल्या १०० सेंटर स्ट्रीट या पत्त्यावरच्या फौजदारी कोर्टात, तळमजल्यावरच्या दालनात मी बसले आहे. अटक झालेल्याची पहिली पेशी इथे होते. काम रात्री एकपर्यंत चालतं. कुणालाही येऊन बसता येतं. दारात झडती द्यायची, फोन बंद करायचा, एवढंच. लांब लाकडी बाक आहेत. न्यायाधीशांच्या डोक्यावर भिंतीवर ‘इन गॉड वुई ट्रस्ट’ अशी अक्षरं. मागच्या बाकावर दोन पर्यटक हळू आवाजात बोलताहेत. पुढच्या बाकांवर आया, बायका, बहिणी.

पुकारा होतो. नाव, केस नंबर, कलम १५५.२५, किरकोळ चोरी. फिर्यादी म्हणून नाव घेतलं जातं ते न्यूयॉर्क राज्याच्या जनतेचं. जनतेच्या वतीने तिशीही न गाठलेली एक सरकारी वकील उभी आहे. फायलींच्या गठ्ठ्यातून ती वाचते : औषधाच्या दुकानातून कपडे धुण्याच्या साबणाचे तीन डबे आणि दाढीच्या पात्यांची दोन पाकिटं. पोलिसांशी तो जे बोलला तेही वाचून दाखवते. “मी पैसे देणार होतो.” हे वाक्य आता केसच्या कागदांत आहे. ताब्यातल्या माणसाला प्रश्न विचारण्याआधी ‘तुला गप्प राहण्याचा हक्क आहे’ हे पोलिसांनी सांगितलंच पाहिजे, असं १९६६च्या मिरांडा निकालाने ठरवून दिलं. पण कुणी विचारायच्या आधीच माणूस आपणहून बोलला, तर ते बोलणं त्याच्याविरुद्ध वापरता येतं. आणि घाबरलेला माणूस बोलतोच.

एवढ्याशा चोरीला खरं तर पोलीस ठाण्यातूनच तारखेची चिठ्ठी देऊन सोडतात. याला सोडलं नाही, कारण याने मागची एक तारीख चुकवली होती आणि वॉरंट निघालं होतं. त्यामुळे सगळा फेरा आला. आधी ठाण्यातली कोठडी, मग बोटांचे ठसे. ते ऑल्बनीला राज्याच्या कचेरीत जातात आणि तिथून जुना रेकॉर्ड येतो. मग सरकारी वकिलांच्या कचेरीत फिर्याद टाइप होते, पकडणारा पोलीस सही करतो. तोवर हा माणूस याच इमारतीतल्या कोठडीत, चीज घातलेल्या दोन ब्रेडच्या तुकड्यांवर. अटकेनंतर चोवीस तासांत न्यायाधीशासमोर उभं करायचं, हे आपल्याकडे राज्यघटनेच्या बाविसाव्या कलमातच आहे. इथे ती मर्यादा राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने १९९१च्या निकालात घालून दिली.

त्याचा वकील सरकारी खर्चाचा. क्लॅरेन्स गिडियन नावाच्या कैद्याने फ्लॉरिडातल्या तुरुंगातून पेन्सिलीने अर्ज लिहून सुप्रीम कोर्टाला पाठवला, आणि १९६३ मध्ये कोर्टाने ठरवलं की गंभीर आरोप असलेल्या गरिबाला वकील द्यावाच लागेल. या वकिलाची आणि या माणसाची ओळख आज संध्याकाळचीच, कोठडीलगतच्या छोट्या खोलीतली.

सरकारी वकील तडजोड पुढे करते. चोरीचा आरोप सोडू. त्याने सार्वजनिक ठिकाणी बेशिस्त वर्तन केल्याचं कबूल करावं. न्यूयॉर्कच्या कायद्यात तो गुन्हाच धरत नाहीत. शिक्षा म्हणजे कोठडीत काढलेला कालपासूनचा वेळ. शिवाय १२० डॉलरचा आकार.

वकील त्याच्या कानाशी लागतो. माणूस मान हलवतो.

“स्वतःच्या मर्जीने कबूल करताय?” न्यायाधीश विचारतात.

“हो.”

“ज्युरीपुढे खटला चालवण्याचा हक्क सोडताय, हे कळतंय?”

“हो.” दुसरा हो पहिल्यापेक्षा लवकर येतो.

झालं. भिंतीवरच्या घड्याळात चार मिनिटंही सरलेली नाहीत. ज्युरी म्हटलं की आपल्याकडे अजून नानावटी खटला आठवतो, आणि अमेरिकेचं कोर्ट म्हणजे ज्युरीपुढे येरझारा घालणारा वकील, असं चित्र सिनेमांनी आपल्या मनात पक्कं केलंय. प्रत्यक्षात ज्युरी क्वचितच बसते. राज्यांच्या कोर्टांत दोषी ठरणाऱ्या शंभरांपैकी ९४ जण, आणि केंद्रीय कोर्टांत ९७ जण, गुन्हा कबूल करून दोषी ठरतात. हे आकडे खुद्द अमेरिकी सुप्रीम कोर्टानेच २०१२च्या एका निकालात दिले आहेत. या माणसाने साबण उचलला की नाही, हे आज इथे कुणी तपासलं नाही. कबूल कर आणि घरी जा, नाहीतर पुन्हा तारखा. मला वाटतं, त्याच्या जागी मीही हेच केलं असतं, आणि त्याचाच मला त्रास होतोय.

पुढचा पुकारा. सायकलवरून जेवण पोचवणारा मुलगा, शेजारी दुभाषी, आरोप साध्या मारहाणीचा. इथे वकील सरकारी वकिलाचं बोलणं पुरतं होऊ देत नाही. “माझा अशील नागरिक नाही. आज काहीही कबूल करणार नाही.” छोटासा गुन्हा कबूल केला की कोर्टातून सुटका होते, पण काही गुन्ह्यांपायी देशातून हकालपट्टी ओढवते. परदेशी अशिलाला हे आधी समजावून सांगणं वकिलाचं कर्तव्य आहे, असं सुप्रीम कोर्टाने २०१० मध्ये सांगितलं. न्यूयॉर्कने २०१९ मध्ये किरकोळ गुन्ह्यांची कमाल शिक्षा ३६५ दिवसांवरून ३६४ वर आणली ती यासाठीच. वर्षाचा आकडा गाठला की हकालपट्टीची काही कलमं लागू होतात. एका दिवसाने माणसांची घरं वाचतात.  हा मुलगा जातमुचलक्यावर सुटतो.

माझ्या शेजारच्या बाई सहा वाजल्यापासून बसल्या आहेत. मांडीवर जाड जाकीट आहे, मुलाचं. काल त्याला नेलं तेव्हा अंगात फक्त टीशर्ट होता, असं त्या मोडक्या इंग्रजीत सांगतात. त्या मूळच्या डॉमिनिकन रिपब्लिकच्या, राहतात वॉशिंग्टन हाइट्सला, रात्री ऑफिसं साफ करतात. आज रजा टाकलीय. मधूनच विचारतात, “अपस्टेट पाठवतील का?” अपस्टेट म्हणजे राज्याचे तुरुंग : सिंग सिंग, ऑबर्न, अ‍ॅटिका. मी सांगते, आज नाही. वर्षापेक्षा मोठी शिक्षा झाली तरच तिकडे. कच्चे कैदी आणि छोट्या शिक्षेचे शहराच्या तुरुंगात, म्हणजे रायकर्स बेटावर.

रायकर्सचं नाव काढल्यावर त्या जाकिटावरचा हात आवळतात. ते नाव मी उच्चारायला नको होतं की काय, असं वाटत असतानाच त्या म्हणतात, “कलीफ.” कलीफ ब्राउडर. इथल्या आयांना हे नाव सांगावं लागत नाही. ब्राँक्समधला सोळा वर्षांचा मुलगा, २०१० मध्ये पाठीवरची पिशवी चोरल्याच्या आरोपावरून पकडलेला. जामीन सुरुवातीला ३,००० डॉलर, तो घरच्यांना भरता आला नाही. गुन्हा कबूल कर, असं त्याला पुन्हा पुन्हा सांगितलं गेलं; तो नाही म्हणत राहिला. तीन वर्षं रायकर्सवर, त्यातला बराच काळ एकांतकोठडीत. खटला उभाच राहिला नाही, २०१३ मध्ये आरोप मागे घेतले. २०१५ मध्ये त्याने घरी आत्महत्या केली. बेटावरचे तुरुंग बंद करण्याचा ठराव शहराने २०१९ मध्ये केला. बेट अजून चालू आहे.

दहा वाजून गेल्यावर पुकारा होतो आणि बाई ताडकन उभ्या राहतात. शिपाई खुणेनेच बसायला सांगतो.

मुलगा एकोणीस वर्षांचा. दुकानाबाहेर भांडण, हातात बाटली, समोरच्याच्या कपाळाला टाके. आरोप दुसऱ्या श्रेणीच्या मारहाणीचा. हिंसक फेलनी, म्हणजे गंभीर गुन्हा; सिद्ध झाला तर दोन ते सात वर्षं. सरकारी वकील २०,००० डॉलर रोख जामीन मागते. तिच्यामागे तिच्या कचेरीचं धोरण उभं आहे आणि त्यामागे निवडणूक. कारण इथला मुख्य सरकारी वकील, डिस्ट्रिक्ट अ‍ॅटर्नी, आमदारासारखा मतं मागून निवडून येतो. बहुतेक राज्यांत असंच आहे. मतं मागणाऱ्याला जामीन कमी मागितल्याची बातमी परवडत नाही. ही रचना मला आजवर पटलेली नाही.

बचावाच्या वकीलबाई कागद न बघता बोलतात. आधीचा एकही गुन्हा नाही. आईजवळ राहतो. किराणा मालाच्या गोदामात नोकरी. आई कोर्टात हजर आहे. “मॅडम, उभ्या राहा,” असं म्हणून त्या वळतात, आणि आता शिपाई काही बोलत नाही. बाई जाकीट छातीशी धरून उभ्या राहतात. मुलगा मान वळवायला लागतो, तेवढ्यात त्याला पुढे बघायला सांगतात.

किरकोळ आणि बऱ्याच बिगरहिंसक आरोपांना रोख जामीन मागायचाच नाही, असा कायदा न्यूयॉर्कने २०२० पासून लागू केला. इलिनॉयने तर २०२३ मध्ये पैशाचा जामीनच काढून टाकला. पण हा आरोप हिंसेचा, इथे पैसे मागता येतात. न्यायाधीशांनी बघायचं असतं ते मुख्यतः एक : हा तारखेला परत येईल का? न्यायाधीशबाई दोन पानं उलटतात आणि एका दमात सांगतात : रोख ५,०००, किंवा कंपनीचा १५,००० चा बाँड, किंवा घरच्यांनी लिहून दिलेला १५,००० चा बाँड, ज्याचे दहा टक्के आज भरायचे. ग्रँड ज्युरीसाठी पुढचा बुधवार. तोवर ग्रँड ज्युरीने आरोपपत्र मंजूर केलं नाही, तर आत असलेल्याला सोडावं लागेल.

वकीलबाई लगेच म्हणतात, “याला रायकर्सच्या बसमध्ये घालू नका. घरचे पैसे आणताहेत.” न्यायाधीश घड्याळाकडे बघतात. “साडेबारापर्यंत.”

मग कठड्यापलीकडे, बाहेरच्या लांबलचक दालनात, हिशोब सुरू होतो. वकीलबाई खिशातून पेन काढून फायलीच्या पाठीवर आकडे लिहितात. पाच हजार रोख? बाई मान हलवतात. मागच्या बॅक्स्टर स्ट्रीटवर जामीन एजंटांची दुकानं आहेत, त्यांना कमिशन दिलं की ते बाँड भरतात. पण दिलेलं कमिशन परत येत नाही, मुलगा निर्दोष सुटला तरी नाही. तिसरा रस्ता दीड हजाराचा. त्यासाठी सही करणाऱ्याला नोकरी आहे, पगार आहे, हे दाखवावं लागतं.

“पगाराची पावती आहे?”

“घरी. फ्रिजवरच्या डब्यात.”

“कोण आणेल?”

बाई मुलीला फोन लावतात. मुलगी कॉलेजची फी म्हणून ठेवलेले नऊशे डॉलर एटीएममधून काढते, सहाशे शेजारणीकडून घेते, डबा उघडते. ए लाइनच्या भुयारी गाडीत नेटवर्क धड मिळत नाही. चाळीस मिनिटं तिचा फोन लागत नाही आणि बाई दर मिनिटाला तोच नंबर दाबत राहतात. देशभरातल्या स्थानिक तुरुंगांत कुठल्याही दिवशी साडेसहा लाखांहून जास्त माणसं असतात, आणि त्यांतल्या दहांतल्या साधारण सातांचा गुन्हा सिद्ध झालेला नसतो. ही संख्या मी पूर्वी अनेकदा वाचलीय. त्यांतल्या कितीतरी जणांचं आत राहणं अशा एका डब्यावर, एका शेजारणीवर, रात्रीच्या एका गाडीवर ठरतं, हे आज समोर दिसतंय. या आईने साडेबाराची वेळ चुकवली तर मुलगा बेटावर जाईल, सोमवारची पाळी चुकेल, नोकरी जाऊ शकते. आणि काही आठवड्यांनी सरकारी वकिलाने कमी आरोपाची तडजोड पुढे केली तर आत बसलेला एकोणीस वर्षांचा मुलगा ‘हो’ म्हणेल. बाटली आधी कुणी उचलली, हा प्रश्न कुणाच्या डोक्यातही येणार नाही.

बारा वाजून पाच मिनिटांनी मुलगी झडतीच्या कमानीतून येते. पावती घडी पडून मऊ झालेली, पण आकडे वाचता येतात. कारकून फॉर्म देतो. बाईंचा मालक, पत्ता, आठवड्याचा पगार. ‘आरोपी हजर झाला नाही तर १५,००० डॉलर देण्यास मी जबाबदार राहीन’, हे दुभाषी स्पॅनिशमध्ये वाचून दाखवतो, सावकाश, दोनदा. बाई सही करतात. न्यायाधीश दोन खटल्यांच्या मध्ये फॉर्म हातात घेतात, पावतीवरची तारीख बघतात, सही करतात.

मुलगा आता कोठडीच्या दाराने नाही, मधल्या फाटकाने बाहेर येतो. आई आधी त्याच्या अंगात जाकीट घालते, मग त्याच्या पाठीत एक धपाटा घालते.

वकीलबाई त्याला तारखेचा कागद देतात. बुधवारची मुदत फक्त आत असलेल्यांसाठी. आता सरकारी बाजूला खटल्याची तयारी करायला सहा महिने मिळतील. “तेवढ्यात मी त्या दुकानाच्या कॅमेऱ्याचं चित्रण मागवते. उद्याच माझा माणूस जाईल. दुकानवाले ते फार दिवस ठेवत नाहीत. तुझ्याबरोबर कोण होतं, त्यांची नावं मला रविवारपर्यंत हवीत.”

“सोमवारी कामावर जाऊ दे ना याला?” आई विचारते.

“जाऊ दे. पगाराच्या पावत्या मात्र जपून ठेवा, सगळ्या. पुढेही लागतील.”