पडद्यावरील राष्ट्राध्यक्ष आणि आपण

‘द वेस्ट विंग’ या अमेरिकी मालिकेत राष्ट्राध्यक्ष जेड बार्टलेट यांच्या मुलीचे अपहरण होते. पित्याच्या संतापातून देशाचा निर्णय होऊ नये, म्हणून ते स्वतःहून अधिकार सोडतात. उपराष्ट्राध्यक्षांनी आधीच राजीनामा दिलेला असल्याने सूत्रे प्रतिनिधिगृहाच्या सभापतींकडे, म्हणजे थेट विरोधी पक्षाकडे जातात. त्यासाठी सभापतींना सभागृहातील आपली जागा सोडावी लागते. २००३ मध्ये प्रसारित झालेला हा कथाभाग अमेरिकी राज्यघटनेची १९६७ ची पंचविसावी दुरुस्ती आणि उत्तराधिकाराचा १९४७ चा कायदा यांवर उभा होता.

या मालिकेवर आदर्शवादी स्वप्नरंजनाचा आरोप होतो आणि तो काही अंशी खराही आहे. अर्थशास्त्राचे नोबेल मिळवलेला, प्रत्येक पेचात नैतिक बळ दाखवणारा राष्ट्राध्यक्ष प्रत्यक्षात कुठे भेटतो? पण हेच बार्टलेट स्वतःचा आजार मतदारांपासून लपवतात आणि काँग्रेसने ठपका ठेवल्यावर तो स्वीकारतात. पद मोठे आणि त्यावर बसलेला माणूस त्याला उत्तरदायी, एवढी गोष्ट प्रेक्षकाच्या मनात ठसते. ‘हाऊस ऑफ कार्ड्‌स’मधील फ्रँक अंडरवूड हा बार्टलेट यांच्या अगदी उलट टोकाचा. तरीही त्याची कथा हेच शिकवते. पदाच्या मर्यादा ठाऊक असल्याशिवाय तो त्या कशा ओलांडतो हे कळत नाही.

याला दुसरी बाजूही आहे. युक्रेनमध्ये २०१५ पासून ‘सर्व्हंट ऑफ द पीपल’ ही मालिका गाजली. भ्रष्टाचाराविरुद्धच्या त्राग्याची चित्रफीत पसरल्यामुळे राष्ट्राध्यक्ष झालेला इतिहासाचा शिक्षक तीत व्होलोदिमिर झेलेन्स्की यांनी साकारला. पुढे त्याच नावाचा पक्ष निघाला आणि २०१९ मध्ये झेलेन्स्की दुसऱ्या फेरीत सुमारे ७३ टक्के मते घेऊन खरोखरच राष्ट्राध्यक्ष झाले. त्यांच्या कारकीर्दीचे मूल्यमापन हा वेगळा विषय. परंतु मालिका संस्थांऐवजी सज्जन त्रात्याची वाट पाहायला शिकवू लागली, तर कल्पित पात्र आणि उमेदवार यांतील रेषा किती सहज पुसली जाते, हे तेथे दिसले.

आपल्याकडे मुख्यमंत्री पडद्यावर आले. मराठीत १९७९ चा ‘सिंहासन’ आहे, हिंदीत अलीकडची ‘महारानी’ आहे. ‘यस मिनिस्टर’चे ‘जी मंत्रीजी’ हे हिंदी रूपही फारुख शेख यांनी रंगवले. मात्र पंतप्रधानांचे कार्यालय आतून दाखवणारी, वर्षानुवर्षे पाहिली गेलेली मालिका मला आठवत नाही. आणीबाणीत ‘किस्सा कुर्सी का’च्या प्रती नष्ट करण्यात आल्या. २०२१ मध्ये दिल्लीतील सत्तास्पर्धेवरील ‘तांडव’विरुद्ध गुन्हे नोंदवले गेले, मुख्य आक्षेप धार्मिक भावनांविषयी होता, निर्मात्यांनी माफी मागून दृश्ये वगळली. अशा वातावरणात लेखकाने सर्वोच्च पदाच्या वाटेला न जाणे समजण्यासारखे आहे.

यात आपले नुकसान केवळ मनोरंजनाचे नाही. पंतप्रधान अचानक कार्यक्षम राहिले नाहीत तर काय, याची स्पष्ट तरतूद आपल्या राज्यघटनेत नाही. १९६४ आणि १९६६ मध्ये गुलझारीलाल नंदा यांना शपथ देऊन अंतरिम व्यवस्था झाली. १९८४ मध्ये तसे न करता इंदिराजींच्या हत्येच्या दिवशीच राजीव गांधींचा शपथविधी झाला. २००९ मध्ये डॉ. मनमोहन सिंग यांच्यावर हृदयशस्त्रक्रिया झाली, तेव्हा प्रणव मुखर्जी यांनी मंत्रिमंडळाच्या बैठका चालवल्या. कार्यवाहक पंतप्रधान म्हणून कोणालाही शपथ देण्यात आली नाही. प्रत्येक वेळी वाट वेगळी होती. अशा रात्री राष्ट्रपती कोणाचा सल्ला घेतील, संसदीय पक्षाची बैठक कोण बोलावेल, आघाडीचे सरकार असेल तर काय, हे प्रश्न एखाद्या उत्तम मालिकेने घराघरांत चर्चेला आणले असते.

खऱ्या पंतप्रधानांविषयी आपल्याकडे बोलले जाते ते भक्तीने किंवा द्वेषाने. कल्पित पंतप्रधानाला मते मागायची नसतात, त्यामुळे त्याच्या निमित्ताने पदाचा विचार शांतपणे करता येतो. तेवढी मोकळीक लेखकांना मिळावी, ही मागणी मला राज्यघटनेच्या हिताची वाटते.