काळजी आणि चिंताविकृती : एका सीमारेषेचा विचार

मानसिक विकृतींपैकी काही विकृती आपल्या विलक्षण लक्षणांमुळे सहज ओळखू येतात. ज्याला भास होतात किंवा जो एकाएकी बोलेनासा होतो, त्याच्याकडे कुटुंबाचे व शेजाऱ्यांचेही लक्ष जाते. याउलट काही विकृती अशा असतात की, त्यांचे प्रत्येक लक्षण सुटे पाहिले असता निरोगी माणसाच्या नित्याच्या अनुभवातलेच वाटते. सामान्यीकृत चिंताविकृती ही या दुसऱ्या वर्गात मोडते. मुलांचे शिक्षण, घरातील आजारपण, पैशाची अडचण, नोकरीतील अस्थैर्य यांविषयी काळजी कोणाला वाटत नाही? ती जेव्हा व्याधीचे रूप धारण करते, तेव्हाही तिचे विषय बदलत नाहीत. बदलतो तो तिचा व्यापार. या विकृतीविषयी समाजात जागृती करणे अवघड का आहे, याचे उत्तरही तिच्या या सर्वपरिचित रूपातच शोधावे लागते.

प्रथम नावाविषयीचा एक गैरसमज दूर केला पाहिजे. ‘सामान्यीकृत’ या विशेषणाने ही विकृती ‘सामान्य’, म्हणजे किरकोळ, आहे असा अर्थ सूचित होत नाही. उंचीची, बंद जागेची किंवा विशिष्ट प्राण्याची भीती ही एका विषयाला बांधलेली असते. या विकृतीतील चिंता मात्र कोणत्याही एका विषयाला बांधलेली नसून एकावरून दुसऱ्यावर सरकत राहते, एवढेच त्या विशेषणाने सांगावयाचे असते.

संकल्पनेची घडण

या संकल्पनेचा इतिहास लक्षात घेतल्याशिवाय तिचे आजचे स्वरूप नीट कळणार नाही. १८६९ मध्ये अमेरिकन वैद्य जॉर्ज बीअर्ड यांनी ‘न्यूरॅस्थेनिया’ ही संज्ञा रूढ केली. थकवा, डोकेदुखी, निद्रानाश, अस्वस्थता अशा अनेक तक्रारी या एका नावाखाली येत असत. १८९५ मध्ये सिग्मंड फ्रॉइड यांनी या पसाऱ्यातून चिंता-मज्जाविकृती वेगळी काढावी असे प्रतिपादन केले आणि सतत अनिष्टाची वाट पाहणारी मनोवृत्ती हे तिचे मुख्य लक्षण मानले. या विकृतीची जी कारणमीमांसा त्यांनी दिली ती पुढे टिकली नाही. परंतु त्यांचे वर्णन मात्र टिकले.

तथापि फ्रॉइड यांच्या या वर्गात दोन भिन्न अवस्था एकत्र नांदत होत्या. एकीत अकस्मात येणारे तीव्र भीतीचे झटके होते, तर दुसरीत मंद पण अखंड चालणारी चिंता. अमेरिकन सायकिअॅट्रिक असोसिएशनच्या निदानपुस्तिकेच्या १९५२ व १९६८ च्या आवृत्त्यांतही हा भेद झालेला नव्हता. तो भेद घडून येण्यास एक औषध कारणीभूत झाले. न्यूयॉर्कमधील हिलसाइड रुग्णालयात डोनल्ड क्लाइन यांनी इमिप्रमीन हे औषध चिंताग्रस्त रुग्णांना दिले. त्याने भीतीचे झटके थांबले. परंतु पुढचा झटका केव्हा येईल याची रुग्णांना लागून राहिलेली धास्ती तशीच राहिली. १९६० नंतरच्या दशकात प्रसिद्ध झालेल्या या निरीक्षणांवरून दोन्ही अवस्था तत्त्वतः भिन्न असाव्यात असे अनुमान निघाले आणि १९८० च्या तिसऱ्या आवृत्तीत त्यांना स्वतंत्र नावे मिळाली.

त्या आवृत्तीत सामान्यीकृत चिंताविकृतीचे स्थान केवळ अवशिष्ट वर्गाचे होते. जे अन्यत्र बसत नाही ते येथे घालावे, असाच जणू तिचा उपयोग होता, आणि निदानास एक महिन्याचा काल पुरेसा मानलेला होता. १९८७ च्या सुधारित आवृत्तीने ही मर्यादा सहा महिन्यांवर नेली व ‘अतिरिक्त काळजी’ हा विकृतीचा गाभा ठरविला. १९९४ मध्ये आनुषंगिक लक्षणांची संख्या १८ वरून ६ वर आणण्यात आली. २०१३ च्या पाचव्या आवृत्तीने हीच चौकट बहुतांशी कायम ठेवली आहे. तीनुसार बहुसंख्य दिवशी, किमान सहा महिने, अनेक विषयांसंबंधी अतिरिक्त चिंता असली पाहिजे. ती आवरणे रुग्णास कठीण गेले पाहिजे. आणि अस्वस्थता, लवकर येणारा थकवा, एकाग्रतेचा अभाव, चिडचिड, स्नायूंचा ताठरपणा व झोपेतील बिघाड या सहांपैकी निदान तीन लक्षणे प्रौढ व्यक्तीत आढळली पाहिजेत. शिवाय यामुळे उल्लेखनीय क्लेश किंवा कार्यहानी होत असली पाहिजे आणि अवटुग्रंथीची अतिक्रियाशीलता, एखादे औषध किंवा व्यसन, अथवा दुसरी मानसिक विकृती हे तिचे कारण नसले पाहिजे. जागतिक आरोग्य संघटनेचे अकरावे वर्गीकरण २०२२ पासून अमलात आले. त्यात महिन्यांचा नेमका आकडा न देता ‘कित्येक महिने’ एवढाच निर्देश आहे. सारांश, निरोगी काळजी व विकृत चिंता यांमधील रेषा निसर्गाने आखून दिलेली नाही. ती अभ्यासकांनी विचारपूर्वक आखली आहे आणि वेळोवेळी सरकविलीही आहे.

काळजीचा व्यापार

रेषा मानवनिर्मित असली, तरी तिच्या पलीकडचे दुःख काल्पनिक नव्हे. काळजी स्वतःलाच कशी पोसते, याचा उलगडा करणाऱ्या तीन उपपत्ती विशेष विचारार्ह आहेत.

पहिली टॉमस बोर्कोव्हेक यांची. काळजी ही मुख्यतः शब्दरूप असते, चित्ररूप नव्हे, असे त्यांना आढळले. भयंकर दृश्य मनःचक्षूंपुढे उभे राहिले की शरीर थरारते. पण त्याच प्रसंगाविषयी मनातल्या मनात बोलत राहिले की तो थरार बोथट होतो. म्हणजे काळजी हा एका अर्थी पळवाटेचा मार्ग आहे. त्या तात्पुरत्या सुटकेमुळे काळजी करण्याची सवय दृढ होते आणि मूळ भीतीला सामोरे जाण्याची संधी मात्र हुकते. त्यातच ज्या अनिष्टाची काळजी केली ते बहुधा घडत नाही. तेव्हा ‘काळजी केली म्हणूनच ते टळले’ असा समज नकळत रुजतो.

दुसरी उपपत्ती मिशेल द्युगास व त्यांचे कॅनडातील सहकारी यांची. तिच्या मते विकृतीचे मूळ अनिष्टाच्या भीतीत नसून अनिश्चिततेच्या असह्यतेत आहे. अशा व्यक्तीस वाईट बातमी एक वेळ सोसवते, पण बातमीच न कळणे सोसवत नाही. प्रवासास गेलेल्या मुलाला ती दहा वेळा दूरध्वनी करते; प्रत्येक उत्तराने क्षणभर समाधान होते आणि पुढच्या तासाची अनिश्चितता लागलीच त्याची जागा घेते.

तिसरी उपपत्ती एड्रियन वेल्स यांनी १९९५ मध्ये मांडली. माणूस घटनांची काळजी करतो, तसाच तो स्वतःच्या काळजीविषयीही मत बनवितो. काळजी केल्याने मन सावध राहते, ही एक समजूत. काळजी आवरेनाशी झाली असून तिने आपले डोके फिरेल, ही दुसरी. पहिली समजूत काळजीला आरंभ करून देते, तर दुसरीमुळे काळजीचीच काळजी सुरू होते. विकृतीची बाधा प्रामुख्याने या दुसऱ्या पायरीवर होते, असे वेल्स यांचे म्हणणे आहे. ‘मन चिंती ते वैरी न चिंती’ या मराठी म्हणीत मनाच्या या शत्रुत्वाची जाण आहे. आधुनिक संशोधनाने तीत भर घातली ती अशी की, हा वैरी हितचिंतकाच्या वेषात येतो.

भाषेतील साक्ष

हा वेष मराठी भाषेत स्पष्ट दिसतो. ‘काळजी’ हा एकच शब्द मराठीत दोन कामे करतो. रुग्णाची काळजी ‘घेतली’ जाते. परीक्षेच्या निकालाची काळजी ‘केली’ जाते, ‘वाटते’ किंवा ‘लागते’. घेतलेली काळजी कृतीकडे वळते आणि कृती पुरी झाली की संपते. लागलेली काळजी कृतीवाचून फिरत राहते. तिलाच ‘जिवाला घोर लागणे’ असे म्हणतात. परंतु नाम एकच असल्यामुळे दुसरीला पहिलीची प्रतिष्ठा अनायासे लाभते. ‘काळजीपूर्वक’ हा गौरव आहे आणि ‘निष्काळजी’ हा दोषारोप आहे. ज्याला काळजी वाटत नाही त्याला माया नाही, असा निष्कर्ष कौटुंबिक व्यवहारात सहज काढला जातो. अर्थात भाषेमुळे विकृती उद्भवते असे यावरून म्हणता येणार नाही. परंतु ती कशाच्या आड लपते हे यावरून समजते. रात्र रात्र जागणाऱ्या आईस किंवा मोठ्या भावास घरातील माणसे रुग्ण न मानता कर्तव्यदक्ष मानतात, आणि ती व्यक्तीही स्वतःस तसेच समजते.

परिणामी अशी व्यक्ती वैद्याकडे जाते ती चिंतेची तक्रार घेऊन नव्हे. पाठ भरून येणे, मान आखडणे, अपचन, छातीत धडधड, झोप न लागणे या तक्रारी ती सांगते. तपासण्या होतात, त्यांत दोष आढळत नाही, आणि ‘काही झालेले नाही, उगाच काळजी करू नका’ असा सल्ला मिळतो. हा सल्ला सद्भावनेचा असला तरी निरुपयोगी ठरतो. कारण काळजी थांबविता न येणे हीच तर व्याधी आहे. पुरुषांच्या तुलनेत स्त्रियांत हे निदान सुमारे दुप्पट आढळते, आणि विषण्णतेची जोड तर फार वेळा असते.

मापन आणि त्याची मर्यादा

रॉबर्ट स्पिट्झर व सहकाऱ्यांनी २००६ मध्ये सात प्रश्नांची एक मापनश्रेणी प्रसिद्ध केली. प्रत्येक प्रश्नास ० ते ३ गुण असून एकूण गुण २१ होतात. १० किंवा अधिक गुण असता पुढील तपासणी करावी, असा संकेत आहे. मूळ अभ्यासात या मर्यादेवर विकृती असणाऱ्यांपैकी ८९ टक्के व्यक्ती ओळखल्या गेल्या आणि विकृती नसणाऱ्यांपैकी ८२ टक्के योग्य रीतीने वगळल्या गेल्या.

हे आकडे समाधानकारक वाटले तरी त्यांचा उपयोग करताना गणित विसरून चालणार नाही. उदाहरणादाखल एक हजार व्यक्तींच्या समूहात ५० जणांना ही विकृती आहे असे धरू. त्यांपैकी सुमारे ४५ जण श्रेणीने ओळखले जातील. परंतु उरलेल्या ९५० निरोगी व्यक्तींपैकी १८ टक्के, म्हणजे १७१ जणही मर्यादा ओलांडतील. अशा रीतीने निवडलेल्या २१६ व्यक्तींपैकी प्रत्यक्ष रुग्ण पाचांत एक एवढेच निघतात. महाविद्यालयांत वा कार्यालयांत सरसकट प्रश्नावली वाटून ‘इतके टक्के विद्यार्थी चिंताग्रस्त’ असे जाहीर करणे शास्त्रदृष्ट्या किती सदोष आहे, हे यावरून ध्यानात येईल. प्रश्नावली ही चाळणी आहे, निदान नव्हे. निदानास मुलाखत, पूर्ववृत्त व शारीरिक तपासणी यांची आवश्यकता असते.

उपचार

या विकृतीवर परिणामकारक उपचार उपलब्ध आहेत. बोधात्मक वर्तनोपचाराची उपयुक्तता अनेक नियंत्रित चाचण्यांतून दिसून आली आहे. त्यात काळजीविषयीच्या समजुती तपासल्या जातात, अनिश्चितता सोसण्याचा क्रमशः अभ्यास दिला जातो आणि स्नायुशिथिलीकरण शिकविले जाते. बोर्कोव्हेक व सहकाऱ्यांनी १९८३ मध्ये वर्णिलेले एक तंत्र साधे पण मार्मिक आहे : दिवसातील अर्धा तास, ठरावीक वेळी व ठरावीक जागी, काळजीसाठी राखून ठेवावयाचा आणि एरवी मनात आलेली काळजी त्या वेळेवर ढकलावयाची. काळजी दडपली तर ती उसळते; पुढे ढकलली तर ती आवाक्यात येते, हा अनुभव रुग्णास यातून मिळतो.

औषधांमध्ये सेरोटोनिनच्या पुनर्ग्रहणास प्रतिबंध करणाऱ्या औषधांना सामान्यतः अग्रक्रम दिला जातो. त्यांचा गुण येण्यास काही आठवडे लागतात. १९६० मध्ये क्लोरडायझेपॉक्साइड व १९६३ मध्ये डायझेपाम बाजारात आले. या वर्गातील औषधांनी तत्काळ आराम पडतो. परंतु दीर्घकाल घेतल्यास त्यांचे अवलंबित्व जडते आणि ती एकदम थांबविणे धोक्याचे असते. म्हणून ती अल्पकाळ व वैद्याच्या देखरेखीखालीच द्यावीत, असा आजचा संकेत आहे. झोपेची गोळी म्हणून वर्षानुवर्षे तीच चिठ्ठी दाखवून ही औषधे घेणारी व्यक्ती पुष्कळदा निदान न झालेली चिंताग्रस्त व्यक्ती असू शकते, हे वैद्यांनी ध्यानात ठेवावयास हवे.

जागृतीचे स्वरूप

बंगळूरच्या ‘निम्हान्स’ संस्थेने २०१५–१६ मध्ये बारा राज्यांत राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षण केले. त्या बारांत महाराष्ट्राचा समावेश नव्हता. निरनिराळ्या मानसिक विकृतींत उपचारांवाचून राहणाऱ्यांचे प्रमाण ७० ते ९२ टक्के असल्याचे त्यात दिसून आले. २०१७ चा मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१८ पासून अमलात आला असून त्याने मानसिक उपचार मिळणे हा नागरिकाचा हक्क मानला आहे. ऑक्टोबर २०२२ पासून ‘टेलि-मानस’ ही शासकीय सेवा १४४१६ या क्रमांकावर उपलब्ध आहे. परंतु आपल्याला उपचारांची गरज आहे हेच ज्याला उमगलेले नाही, त्याला हक्क व क्रमांक या दोहोंचाही उपयोग होत नाही.

म्हणून जागृती म्हणजे लक्षणांची यादी पाठ करविणे नव्हे. तशा यादीत प्रत्येकास स्वतःचे प्रतिबिंब दिसते आणि ज्याला खरी गरज आहे तो मात्र त्या गर्दीत हरवतो. काळजीचा विषय योग्य की अयोग्य, या वादातही अर्थ नाही. रुग्णाची काळजी बहुधा रास्त विषयांचीच असते. विचारावयाचे प्रश्न तीनच आहेत : ही काळजी कृतीत उतरून संपते काय? हवी तेव्हा ती बाजूस ठेवता येते काय? आणि तिने झोप, काम व माणसांचा सहवास यांतून किती हिरावून घेतले आहे? या प्रश्नांची उत्तरे महिनोन्‌महिने प्रतिकूल येत असतील, तर तो स्वभाव वा कर्तव्यबुद्धी न समजता उपचारांचा विषय समजला पाहिजे. काळजी घेणे आणि काळजी लागणे यांतील जो भेद मराठी क्रियापदांनी पूर्वीच करून ठेवला आहे, तो कुटुंबात, वर्गात व दवाखान्यात जाणीवपूर्वक वापरला जाणे, हे या विकृतीविषयीच्या लोकशिक्षणाचे पहिले पाऊल होय.