मिठाच्या हवेतली येझदी

संपादकांनी मला श्रीवर्धनला पाठवलं ते सुपारीवर लिहायला. ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ याच किनाऱ्यावर चढलं आणि श्रीवर्धन, दिवेआगर, हरिहरेश्वरच्या वाड्यांमधल्या पोफळी, माड आडवे झाले. त्यानंतर लावलेली रोपं आता कुठे धरू लागली आहेत, त्यांची हकिगत हवी होती. रोठा सुपारीसाठी नावाजलेल्या या गावात बागायतदार शोधावा लागत नाही. पण ज्यांच्याकडे पहिल्यांदा गेलो ते वाडीत नव्हते. ‘काका गॅरेजला बसलेत,’ असं घरातून कळलं. गॅरेजला गेलो आणि सुपारी बाजूला राहिली.

गोणपाटावर एक येझदी मोटरसायकल उलगडून ठेवली होती. सांगाडा, टाकी, दोन सायलेन्सर, मधोमध उघडं इंजिन. ऐंशीच्या दशकातली गाडी, काकांच्या वडिलांनी घेतलेली. वादळात पडवीचं छप्पर तिच्यावर आलं आणि ती तशीच राहिली. काकांना ती शोभेसाठी नको होती. वाडीतून सुपारीची पोती घरी आणायची, खताची गोण न्यायची, पंप बिघडला तर तो मागे बांधून दुरुस्तीला न्यायचा. पोफळीला फळ धरायला पाच-सात वर्षं लागतात, म्हणजे वादळानंतरची इतकी वर्षं वाडीतून पैसा आलाच नाही. नव्या गाडीचं कर्ज घेण्यापेक्षा घरातली उभी करू, हा त्यांचा हिशेब.

गाडीचा इतिहास थोडक्यात सांगता येतो. जावा ही मूळची झेकोस्लोव्हाकियाची, १९२९ पासूनची. मुंबईचे रुस्तम आणि फारुख इराणी या गाड्या आधी आयात करत. मग त्यांच्या आयडियल जावा कंपनीने म्हैसूरला कारखाना काढला आणि १९६१ पासून गाड्या तिथेच बनू लागल्या. सत्तरच्या दशकात टाकीवर जावाच्या जागी येझदी आलं. शंभर सीसीच्या, कमी पेट्रोल पिणाऱ्या जपानी बनावटीच्या गाड्या आल्यावर गिऱ्हाईक तिकडे वळलं आणि १९९६ मध्ये कारखाना बंद पडला. जावा आणि येझदी ही नावं २०१८ आणि २०२२ साली पुन्हा बाजारात आली, पण त्या गाड्या फोरस्ट्रोक आहेत. त्यांचा एक नटसुद्धा या गोणपाटावरच्या गाडीला उपयोगाचा नाही. म्हणजे आज रस्त्यावर धावणारी प्रत्येक जुनी येझदी तिशीच्या आसपास किंवा त्यापुढची आहे, आणि तिच्या कारखान्याचं काम आता अशा गॅरेजांवर येऊन पडलं आहे.

मिस्त्री पन्नाशीचे असतील. बोलणं कमी. मी तिथे बसून राहिलो त्याचं कारण एक लिव्हर.

इतर गाड्यांना किक वेगळी आणि गिअर वेगळा. येझदीला डाव्या बाजूला एकच लिव्हर. पुढे असतो तेव्हा तो गिअर. त्यालाच इंजिनाकडे आत दाबायचं, वर फिरवून मागे घ्यायचं, की तो किक होतो. गाडी सुरू झाली की परत पुढे आणायचा; तो खटकन बाहेर येतो आणि पुन्हा गिअरला लागतो. आत बघितलं तर गिअरचा शाफ्ट पोकळ आहे आणि किकचा शाफ्ट त्याच्या पोटातून जातो. लिव्हर आत-बाहेर सरकतो तसे त्याचे दाते या किंवा त्या शाफ्टला धरतात. एवढंच नाही. गिअर टाकायला पाय दाबला की त्या हालचालीच्या पहिल्या भागात एक कॅम क्लच सोडवतो, मग गिअर पडतो. म्हणजे हाताने क्लच न दाबताही गिअर बदलतो. कोयत्याने बोट कापलेल्या माणसालाही ही गाडी घरी आणता येते. हे ज्यांनी आखलं त्यांनी कमी भागांत जास्त काम कसं बसवायचं याचा फार खोल विचार केला असणार. मी मिस्त्रींना तो लिव्हर पुन्हा पुन्हा फिरवून दाखवायला लावला, आणि त्यांनीही न कंटाळता दाखवला.

पण एकाच ठिकाणी दोन कामं, म्हणजे झीजही दुप्पट. या गाडीच्या शाफ्टचे दाते गुळगुळीत झाले होते. कुणीतरी पूर्वी लिव्हर आणि शाफ्टच्या मध्ये पत्र्याची पट्टी ठोकून वेळ मारून नेली होती. पट्टीने गिअर पडत होता, किक मात्र घसरत होती.

काका म्हणाले, ‘मिस्त्री, वेल्डिंग मारून टाका की. एवढं काय!’

‘वेल्डिंग मारलं तर लिव्हर सरकणारच नाही, काका. किक गेली. मग रोज ढकलून चालू करायची का, पोती लादून?’

पुण्याच्या नाना पेठेतून नवा शाफ्ट मागवला होता, तो एसटीने आला. मिस्त्रींनी खोका उघडला, शाफ्ट पुसला आणि आधी कानस घेतली. टोकाला, जिथे काही बसत नाही अशा जागी, एक हलका हात फिरवला. कानस घसरली तर पोलाद कडक, कानस धरली तर मऊ. कानस धरली. ‘हा सहा महिने,’ म्हणाले, आणि खोक्यात परत. दुसऱ्या वेळी जुन्या गाडीतून काढलेला, कारखान्याचाच शाफ्ट मिळाला. दाते थोडे झिजलेले, पण कानस त्याच्यावरून सरळ निसटली. तो बसवला. चकचकीत नवीन नाकारून जुनं कडक पत्करणं हा निर्णय प्रदर्शनात उभ्या करायच्या गाडीसाठी कुणी घेणार नाही. राबायच्या गाडीसाठी तोच बरोबर आहे, असं माझं मत झालं आहे.

दुसरी गोष्ट चेनची. या गाडीची मागची चेन पूर्ण झाकलेली असते: मागे पत्र्याचा डबा, आणि तिथून इंजिनापर्यंत वर-खाली दोन रबरी नळ्या. रबर कडक होऊन फाटलं की लोक वैतागून सगळं काढून फेकतात आणि चेन उघडी चालवतात. मिस्त्री ते करू देत नाहीत. शेखाडीच्या रस्त्याने समुद्र पायाशीच असतो; वाळू आणि खारा वारा मिळून उघडी चेन एका पावसाळ्यात खातात. नळ्या नव्या घातल्या, आत ग्रीस भरलं. समुद्रकाठच्या माणसाला याहून उपयोगी रचना मला दुसऱ्या कुठल्या जुन्या गाडीत दिसलेली नाही.

इंजिनाचं बाकी काम नेहमीचं. ब्लॉक बिडाचा, म्हणून बोअर करता येतो; पाव मिलिमीटरने मोठा करून नवा पिस्टन घातला. क्रँक प्रेसवर उघडून नवी कनेक्टिंग रॉड. क्रँकचे सील बदलले, कारण ते गेले की गिअरबॉक्सचं तेल इंजिनात ओढलं जातं आणि पांढऱ्या धुराचा लोट निघतो. पॉइंटची फट ०.४ मिलिमीटर, ठिणगी पिस्टन वर पोचायच्या तीन मिलिमीटर आधी. पॉइंट काढून इलेक्ट्रॉनिक किट बसवा, असं काकांच्या मुलाचं म्हणणं होतं. मिस्त्रींनी पॉइंट ठेवले: किट वाटेत गेलं तर गाडी टेम्पोत घालावी लागेल, पॉइंट काळे पडले तर बागमांडल्याच्या जेट्टीवरही कागदाच्या तुकड्याने पुसता येतात. सहा व्होल्टचा मिणमिणता दिवा मात्र त्यांनीही सोडला. डायनामो तोच ठेवून बारा व्होल्टचा रेग्युलेटर, कॉइल, बल्ब आणि हॉर्न घातला, कारण पहाटे अंधारात वाडीला जायचं असतं.

इंजिन सुरू झालं. दोन्ही सायलेन्सरमधून तो ओळखीचा आवाज आला, रस्त्यावरची माणसं थांबली. मला आनंद झाला, पण धूरही दिसला. टूस्ट्रोक इंजिनात ताज्या मिश्रणाचा काही भाग न जळताच बाहेर जातो, तेलही जळतं. अशा गाड्या हजारांनी याव्यात असं मी म्हणणार नाही. एका वाडीची एक गाडी, रोजचे थोडे किलोमीटर, आणि तेलाचं प्रमाण काटेकोर, एवढ्यापुरतं मी हिच्या बाजूने उभा आहे.

तेलाचं प्रमाण काटेकोर ठेवणं आता सोपं राहिलेलं नाही, आणि खरी काळजी इथे सुरू होते. या इंजिनाला वेगळं तेल नाही. पेट्रोलमध्ये लिटरमागे तीस ते चाळीस मिलिलिटर तेल मिसळायचं, तेच बेअरिंगला आणि पिस्टनला वंगण. पंपावरच्या पेट्रोलमध्ये आता वीस टक्के इथेनॉल असतं. इथेनॉल हवेतलं पाणी ओढून घेतं, आणि जून ते सप्टेंबर कोकणच्या हवेत पाणीच असतं. गाडी आठवडाभर उभी राहिली आणि टाकीत पुरेसं पाणी उतरलं, तर पाणी आणि इथेनॉल वेगळं होऊन तळाशी बसतं. तेल वरच्या पेट्रोलमध्ये राहतं. पेट्रोलचा कॉक तळातून ओढतो. म्हणजे पहिली काही मिनिटं इंजिनाला वंगणाशिवायचा पाणचट द्रव मिळतो, आणि पिस्टन चिकटायला तेवढं पुरतं. शिवाय इथेनॉलमध्ये ऑक्सिजन असल्यामुळे मिश्रण पातळ पडतं, इंजिन तापतं. म्हणून मिस्त्रींनी कार्बोरेटरचा मेन जेट एक नंबर मोठा घातला. जुन्या रबरी नळ्या फुगतात, त्याही बदलल्या. काकांना सक्त ताकीद आहे: पावसाळ्यात टाकी भरायची नाही, लागेल तेवढंच पेट्रोल, चार दिवस गाडी हलणार नसेल तर टाकी रिकामी. रोज राबणाऱ्या गाडीला हा त्रास कमी होतो, पण तापाने आठवडा अंथरुणात गेला तर?

टाकीचा गंज आम्लाने काढला, पण आतून लेप लावला नाही. काही लेप इथेनॉलमध्ये सुटतात आणि जेटमध्ये जाऊन बसतात. म्हणजे टाकी पुन्हा गंजणार, हे मिस्त्रींना ठाऊक आहे. कॉकखाली गाळणी घातली आहे, ती दर महिन्याला धुवायची. बाहेरची लढाई मिठाशी. ॲल्युमिनियमच्या कव्हरांवर पांढरी भुकटी धरते, त्यात लोखंडी स्क्रू असे चिकटतात की डोकं तुटतं पण स्क्रू हलत नाही. म्हणून आता प्रत्येक आट्याला ग्रीस लावून बसवला आहे. सायलेन्सरना क्रोम केलं नाही, काळा रंग दिला, दर वर्षी घरीच मारता येईल असा. किनाऱ्याने फिरून आलं की गोड्या पाण्याने धुवायची.

आणि हे सगळं झालं तरी गाडी अजून रस्त्यावर आणता येत नाही. खासगी दुचाकीची नोंदणी पंधरा वर्षांची, पुढे दर पाच वर्षांनी नूतनीकरण. हिचं शेवटचं नूतनीकरण वडिलांच्या हयातीतलं, म्हणजे आधी वारसाने नाव चढवायचं. जुनं आरसी पुस्तक हाताने लिहिलेलं, संगणकावर नोंद नाही, तीही करून घ्यायची. वीस वर्षांपेक्षा जुन्या दुचाकीचं नूतनीकरणाचं शुल्क २०२५ मध्ये दोन हजारांवर गेलं. त्यात पर्यावरण कर, विमा, धुराची चाचणी, नवी उच्च सुरक्षा नंबर पाटी. रायगडचं आरटीओ पेणला, श्रीवर्धनपासून शंभर किलोमीटरच्या पलीकडे. नोंदणी संपलेली गाडी चालवत तिथे नेता येत नाही, म्हणून टेम्पोचं भाडं वेगळं.

सगळ्यात अवघड गोष्ट मी निघालो तेव्हा समोर आली. तपासणीसाठी चेसिस नंबरचा पेन्सिलने छाप घ्यावा लागतो. मिस्त्रींनी रॉकेलच्या बोळ्याने ती जागा हळूहळू साफ केली, कागद ठेवला, पेन्सिल फिरवली. खाऱ्या हवेने एक आकडा अर्धा खाल्ला आहे. तीन वाचावा की आठ, ते कळत नाही. ‘पंच मारून ठळक करू?’ मुलाने विचारलं. ‘हात लावायचा नाही. तो गुन्हा आहे,’ मिस्त्री म्हणाले. पुस्तकात तिथे आठ आहे आणि इंजिनाचा नंबर पुस्तकाशी तंतोतंत जुळतो, तेव्हा मूळ पुस्तक, छाप आणि गाडी तिन्ही घेऊन निरीक्षकापुढे उभं राहायचं ठरलं आहे. तोवर सुपारीची पोती भाड्याच्या टेम्पोतून जातात.